विनूकाकांची जपानी भुतं

आमच्या समोर राहणारे विनूकाका कुठल्याही घरात एकदम शिरत नाहीत. दार सताड उघडं असलं तरी आधी ते ओढून निम्मं लावून घेतात, मग हळूहळू, कुरकुर वाजेल अशा बेतानं उघडतात, उंबऱ्यावर थांबतात, डावा कोपरा बघतात, उजवा कोपरा बघतात आणि मगच पाऊल आत टाकतात. गेल्या दिवाळीत ते आमच्याकडे फराळाला आले तेव्हा त्यांच्या मागून आलेला गॅसवाला त्यांच्या बगलेखालून आत शिरला, सिलिंडर लावला, चकली खाल्ली आणि निघून गेला. काका अजून उंबऱ्यावरच होते.

"पहिल्या भागात असंच होतं, स्मिता," ते पाटावर बसता बसता म्हणाले. "दार उघडायलाच खरा वेळ लागायचा."

हा पहिला भाग म्हणजे एका जपानी व्हिडिओ गेमचा. भुताखेतांचा, मेलेली माणसं उठून चालायला लागतात असला गेम आणि त्याचे एकामागून एक निघालेले भाग. मालिकेचं नाव मी लिहीत नाही, कारण काकाही ते घेत नाहीत. आमच्याकडे किनाऱ्यावर जुनी माणसं दिवेलागणीनंतर सापाला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात, तसं काका त्या मालिकेला 'आपली लाइन' म्हणतात. कारण त्यांचा सगळा जन्म एसटीच्या डेपोत गेला. ते वाहतूक नियंत्रक होते. डहाणूहून जव्हारची गाडी कुठल्या फलाटाला लागली आहे हे सांगणारा जो आवाज लोकांनी वर्षानुवर्षं ऐकला तो विनूकाकांचा. निवृत्त झाले, लग्न राहूनच गेलं होतं, घरात बोलायला कोणी नाही. वरच्या खोलीत एक तरुण इंजिनिअर भाड्यानं राहायचा. त्याची बदली झाली तेव्हा त्यानं आपलं गेमचं यंत्र काकांच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "काका, वेळ जाईल."

वेळ तर गेलाच, पण काकांनी त्या मालिकेचा सगळा इतिहास खणून काढला. कुठला भाग कशानंतर आला, कुठे चुकलं, कुठे सावरलं, हे ते गल्लीत भेटेल त्याला सांगत. नळावर, पानपट्टीवर, एकदा तर मयताला आलेल्या माणसांनासुद्धा सांगितलं. "विषय तोच चालला होता," असं नंतर त्यांचं म्हणणं.

आता गंमत अशी की हा माणूस अत्यंत भित्रा. पडद्यावर दोन-दोन माणसांएवढी श्वापदं लोळवणारे काका स्वयंपाकघरात पाल दिसली की मला हाक मारतात. मी झाडू घेऊन जाते. काका तोवर अंगणात उभे राहून, "डाव्या हाताला आहे, ट्यूबलाइटच्या मागं, प्रवाशांनी नोंद घ्यावी," असं बाहेरूनच मार्गदर्शन करतात. कुकरची शिट्टी झाली की ते दचकतात. आपणच लावलेल्या कुकरची.

खेळताना ते गोळ्या खर्च करत नाहीत. त्या गेममध्ये गोळ्या मोजक्याच मिळतात, जखमेवरचं औषधही मोजकं. काका दोन्ही साठवून ठेवतात आणि भूत आलं की पळतात. "रिझर्व्ह गाडी डेपोत असायलाच पाहिजे," ते म्हणतात. शेवटचा राक्षस मेला, गेम संपला, तरी त्यांची पोतडी भरलेलीच. मी एकदा विचारलं, "काका, आता कोणासाठी ठेवलंय?" त्यावर भर सणात सुट्टी मागणाऱ्या कंडक्टरकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी जेवणं उरकली होती आणि जमीन हलली. आमच्या डहाणू-तलासरीला धक्के नवीन नाहीत. मधे काही काळ शांत जातो, आपण विसरतो, आणि मग मांडणीवरची भांडी आठवण करून देतात. त्या दिवशीचा धक्का जरा जोराचा होता. आमच्या पातेल्यांची झाकणं खाली आली. सगळी गल्ली बाहेर पळाली आणि बोंबील वाळत घालायच्या मोकळ्या जागेत जाऊन बसली. पुन्हा हलेल या धास्तीनं कोणी घरात जाईना. बायका कुजबुजत होत्या, पुरुष फोन लावत होते, फोन लागत नव्हते.

मला वाटलं, विनूकाकांना आता सांभाळावं लागणार. बघते तर काका बोंबील टांगायच्या बांबूला टेकून बसलेले, हातात फोन आणि चेहरा शांत. त्यांच्या शेजारी जमनाबाय बसली होती. ही नरपडची मासळीवाली, पाटी घेऊन आमच्या गल्लीत येते. रिकामी पाटी तिनं पोटाशी धरली होती. काका तिला म्हणाले, "जमनाबाय, तुला आपल्या लाइनची गोष्ट सांगितली का मी?"

"नाय," ती म्हणाली. "पण आता सांगशीलच."

काकांनी घसा साफ केला. डेपोतला आवाज लागला आणि आजूबाजूची माणसं आपोआप गप्प झाली.

"पहिला भाग निघाला तेव्हा यंत्रं कमजोर होती. पुढची खोली पडद्यावर आणायला यंत्राला वेळ लागायचा. तेवढा वेळ करायचं काय? तर अंधारात नुसतं दार उघडताना दाखवलं. हळूहळू. लोकांचा जीव टांगणीला. म्हणजे बघा, गाडीला उशीर होता, आणि त्या उशिराचीच लोकांना भीती वाटली."

"उशिराची भीती वाटतेच," मागून कोणीतरी म्हणालं.

"कॅमेरा छताच्या कोपऱ्यात. आपला माणूस चालतोय, पण पुढं वळणावर कोण उभं आहे ते दिसत नाही."

"मंग असला खेल बघायचा कशाला?" जमनाबायनं विचारलं.

"दिसत नाही म्हणूनच बघायचा. दुसऱ्या भागात एक मुलगी येते. शहर सगळं मेलेल्यांनी भरलंय, आणि ही भावाला शोधत येते."

"सापडतो काय तिला?"

काकांनी फोनकडे बघितलं, काहीतरी दाबलं, कानाला लावला, खाली ठेवला. "सापडतो. पण त्या भागात नाही. पुढं."

"मंग तवर काय करते?"

"शोधते," काका म्हणाले.

जमनाबायनं मान हलवली. ते तिला पटलं. पुढे चौथा भाग आला. त्यात कॅमेरा कोपऱ्यातून उतरून माणसाच्या खांद्यामागं आला आणि सगळ्या जगातल्या गेमवाल्यांनी त्याची नक्कल केली. मग दोन भाग असे निघाले की त्यात नुसता गोळीबार. "भीती फलाटावरच राहिली आणि गाडी सुटली," काका म्हणाले आणि सगळे हसले. मग कंपनीला अक्कल आली, पुन्हा एकच पडकं घर घेतलं. मग जुनेच भाग नव्यानं केले. "इंजिन तेच, बॉडी नवीन बांधली. आपल्या एसटीनं हेच केलं आयुष्यभर."

तासभर तरी गेला असेल. जमनाबायनं पाटी खाली ठेवली होती. दुसरा धक्का आला नाही. एकेक जण उठून घराकडे जायला लागला, कोणी चहा ठेवला. मी काकांना म्हटलं, "कमाल केलीत. तुम्हाला भीती नाही वाटली?"

तेव्हा मी त्यांच्याकडे नीट बघितलं. शर्ट पाठीला चिकटला होता. फोन त्यांनी इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. गोष्ट सांगताना ते पुन्हा पुन्हा एकच नंबर लावत होते.

"ताईचा लागत नाहीये," ते हळूच म्हणाले. "धक्क्याचं मूळ तलासरीकडं होतं म्हणतात. स्मिता, गाडी काढशील?"

मंजूताई त्यांची मोठी बहीण. तलासरीच्या पुढे एका पाड्यावर राहते. तिथल्या अंगणवाडीत तिची नोकरी झाली, नवरा गेला, मूलबाळ नाही. कोंबड्या सोडून कुठे यायला तयार नसते. मी गाडी काढली. काका पुढच्या सीटवर गुडघ्यांवर हात ठेवून बसले. चारोटीला हायवेला लागलो, विवळवेढ्याला देवळासमोर त्यांनी हात जोडले आणि मग ते बोलायला लागले.

"धक्के सुरू झाल्यापासून ताई संध्याकाळ झाली की घाबरते. बोलत नाही, पण मला कळतं. भिंतीला भेग आहे, बाजूला कोणी नाही. म्हणून मी रोज दिवेलागणीला तिला फोन लावतो आणि चालू ठेवतो."

"रोज? काय बोलता?"

"तीच अडचण. भावाबहिणीत बोलण्यासारखं काय असतं? जेवलीस का, गुडघा कसा आहे. दोन मिनिटांत संपतं आणि ती म्हणते, ठेव आता. मग मी गेम लावतो. खेळत खेळत सांगतो तिला, आता जिना चढलो, आता दार आलं. ती ऐकत बसते. झोप येईपर्यंत तिला सोबत होते." खिडकीची काच थोडी खाली करून म्हणाले, "तिच्यासाठी हा सगळा इतिहास वाचून काढला मी. नाहीतर मला कशाला पाहिजेत ती भुतं? मला पालीची भीती वाटते."

मी गाडी जरा वेगानं नेली.

पाड्यावर पोचलो तर मंजूताई अंगणात आंब्याखाली बसून तूर निवडत होती. घर उभं होतं. भेग होती तेवढीच होती. गल्लीतल्यांसारखीच तीही बाहेर आली होती आणि फोन आत राहिला होता, बॅटरी संपून बंद पडलेला. काका गाडीतून उतरले, तिच्यापर्यंत गेले आणि तिच्या सुपातली तूर बघत उभे राहिले.

"तू कशाला एवढ्या लांब आलास?" ती म्हणाली. "काही झालं नाही इथं. बस. पाणी पी."

"फोन कुठाय तुझा?"

"आत. कोण जातंय आत? आणून दे तूच."

काका आत गेले. मंजूताईनं मला जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणला.

"तू समोरच राहतेस ना ग? जरा लक्ष ठेव त्याच्यावर. लहानपणापासून भित्रा आहे. आई गेल्यावर माझा पदर धरूनच झोपायचा. आता म्हातारपणी कसले ते भुतांचे खेळ खेळतो, आणि एकट्याला भीती वाटते, म्हणून रोज मला फोन लावतो. मधे मधे विचारतो, 'ताई, आहेस ना?' मी म्हणते, आहे. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. झोपेनं डोळे मिटतात. पण फोन ठेवला तर तो तिकडे एकटा पडेल, म्हणून बसते धरून."

मी तूर निवडायला घेतली.

काका फोन चार्जिंगला लावून बाहेर आले. त्यांनी कोंबड्या मोजल्यासारखं केलं, भेगेवरून बोट फिरवलं आणि जाहीर केलं की ते आठवडाभर इथेच राहणार आहेत. मंजूताई लगेच म्हणाली, "राहा की. तिकडे एकटा कशाला घाबरत बसतोस?" काकांनी माझ्याकडे वळून डोळ्यांनीच सांगितलं, बघ, किती घाबरलीय. मी मान हलवली. चहा झाला. तिच्या हातचा, भरपूर आलं घातलेला. तो पिताना जाणवलं, की चारोटीपासून आपले खांदे कानापर्यंत चढले होते आणि आत्ता कुठे खाली आले.

ऊन उतरायला लागलं तशी मी निघाले. आठवडाभर अंगणातच झोपायचं असं ठरलं होतं. गाडी वळवताना दिसलं, दोघं मिळून घरातली जुनी लाकडी खाट बाहेर आणत होते. उशाकडची बाजू जड होती. काका म्हणत होते, "तू सोड, इकडून मी धरतो." ताई म्हणत होती, "तुझ्यानं नाही व्हायचं विनू, तू पायथ्याकडं जा." शेवटी दोघंही एकाच बाजूला गेले आणि पायथा मातीत ओढत ओढत खाट आंब्याखाली आणली.