बुत्रोस अंकलचं मारोनी मंडळ

बुत्रोस अंकलना एखादा माणूस आवडला की ते त्याला मारोनी ठरवतात. आमची लिफ्ट दुरुस्त करणारा केरळी सुरेश मारोनी, त्यांचा दातांचा डॉक्टर मारोनी, आणि मी तर पहिल्या भेटीतच.

"अंकल, मी वसईचा कॅथलिक," मी सांगितलं.

"तेच ते," ते आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाले. "तुला उशिरा कळलं, एवढंच. खलास."

मारोनी म्हणजे लेबनॉनचे जुने कॅथलिक. त्यांच्या काही प्रार्थना अजून सिरियाक भाषेत चालतात. ही येशूच्या बोलीची सख्खी बहीण, असं अंकल सांगतात. इथे आखातात, सनद गावात, आमच्या वरच्याच मजल्यावर राहून ते इथल्या मारोनी कुटुंबांचं मंडळ चालवायचे. ना फादर, ना ऑफिस. अंकलचा हॉल हेच मंडळ. दर शुक्रवारी मुलांना सिरियाक प्रार्थना आणि मग दब्के, म्हणजे हात धरून, रांगेत, जमिनीवर पाय आपटत नाचायचं. त्यांची जमीन म्हणजे आमचं छत. तक्रार करायला मी वर गेलो, तर "यल्ला, रांगेत एक कमी आहे," म्हणत त्यांनी माझाच हात धरला. बऱ्याच वेळाने माझी बायको रोझलिन मला शोधत आली. तिला रांगेचं शेवटचं टोक मिळालं.

मुलं मात्र इंग्लिशमध्येच उत्तरं द्यायची. अंकल कपाळाला हात लावायचे. "स्वर्गात गेल्यावर आजोबांशी काय इंग्लिशमध्ये बोलणार?"

पुढे एकेक कुटुंब कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला गेलं. निरोप देताना अंकल प्रत्येकाला बजावायचे, "तिथे मंडळ काढा." शेवटचं कुटुंब गेलं त्या शुक्रवारी आमचं छत गप्प होतं.

"वर जाऊन बघ ना," रोझलिन म्हणाली.

मी निघतोय तोच बेल वाजली. दारात अंकल, इस्त्रीचा शर्ट घालून. आमची संध्याकाळची प्रार्थना आता सुरू होणार, हे त्यांना ठाऊक होतं.

"बसू?"

"बसा की. आज तुम्हीच म्हणा, सिरियाकमध्ये."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "एकट्याने म्हटली की फार लांब वाटते. तुमची शिकवा मला."

आमची मुलगी जेनी मला मराठीत कधी उत्तर देत नाही. ती त्यांच्या शेजारी सरकली आणि एकेक शब्द सावकाश म्हणू लागली, "आमच्या... स्वर्गातील... बापा..."

अंकल डोळे मिटून तिच्यामागून म्हणत होते. अरबी जिभेला 'प' जमत नाही. 'बापा'चा त्यांच्या तोंडी 'बाबा' झाला.

जेनीने तो दुरुस्त केला नाही.