चारशे बारा मालकांचं मैदान

क्लॅगथॉर्प टाउन फुटबॉल क्लबचा हंगाम एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी संपला. बावीस संघांत सतरावा नंबर आला, म्हणजे संघ खालच्या गटात गेला नाही. या यशाबद्दल सभासदांनी स्वतःच्या अभिनंदनाचा ठराव एकमताने मंजूर केला. स्वतःच्या अशासाठी, की क्लब त्यांचाच होता. सात वर्षांपूर्वी जुना मालक क्लब वाऱ्यावर सोडून स्पेनला पळाला, तेव्हा गावाने वर्गणी काढून क्लब विकत घेतला. एक सभासद, एक मत. चारशे बारा सभासद, चारशे बारा मालक. नोकर मात्र एकच, मैदानाची निगा राखणारा सिरिल ऑग्डन.

सिरिल सत्तावीस वर्षं त्या मैदानावर राबत होता. गवत कापायचं, रेषा आखायच्या, पाणी घालायचं, आणि संघ हरला की 'मैदानच खराब होतं' हे ऐकून घ्यायचं. नाचता येईना अंगण वाकडं! पण त्याचं खरं दुखणं वेगळं होतं. चहाच्या खिडकीकडच्या गोलपुढे सत्तावीस वर्षांत गवत म्हणून टिकलं नव्हतं. मध्यंतराला अख्खं गाव चहासाठी तिथूनच आडवं जायचं. बायकोच्या वाढदिवसाची तारीख सिरिल विसरायचा, पण त्या टकलाचा आकार त्याला झोपेतही आठवायचा.

यंदा त्याने बी आणण्यासाठी रीतसर अर्ज केला. समितीने 'गवताची हिरवी छटा कोणती असावी' यासाठी उपसमिती नेमली. उपसमिती सुट्टीवर गेली. शेवटी सिरिलने स्वतःच्या खिशातून बी आणलं, मैदानभर पेरलं, टकलावर दुप्पट पेरलं. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी बघतो तर गोलपुढे हिरवी लव! सिरिल गुडघ्यावर बसला. बासष्ट वर्षांचा बाप्या, चक्क रडला. जुलैच्या एकतीस तारखेला लीगचा निरीक्षक येणार होता. मैदान पास झालं तरच क्लब लीगमध्ये राहणार होता. यंदा पहिल्यांदाच सिरिलला निरीक्षकाची भीती वाटत नव्हती. ऑगस्टमधला पहिला सामना या गवतावर व्हावा आणि मग आपण निवृत्त व्हावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

पण ऑफ-सीझनला बातमी लागते. सभासद तीन महिने सामन्यावाचून राहू शकतात, बातमीवाचून नाही. क्लबच्या सचिव मिसेस हिल्डा थ्वेट वेबसाइटवर रोज निवेदन टाकत.

'१२ मे : क्लबने नवीन खेळाडू घेतलेला नाही.'

त्यावर तीनशे चाळीस प्रतिक्रिया आल्या.

'१५ मे : १२ मेच्या बातमीत कोणताही बदल नाही.'

यावर पाचशे. अठरा मेला मिसेस थ्वेट यांच्याकडे काहीच उरलं नाही. त्यांनी कपाट उपसलं आणि जुना नकाशा शोधून काढला. क्लब विकत घेताना प्रत्येक वर्गणीदाराला शोभेचं एक प्रमाणपत्र दिलं होतं, 'मैदानाचा चौकोन क्रमांक अमुक आपला.' भिंतीवर लावायला, पाहुण्यांना दाखवायला. मिसेस थ्वेट यांनी नकाशा वेबसाइटवर टाकला आणि वर लिहिलं, 'आपला चौकोन ओळखा!'

हेच ते नसतं झंगट.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता रॉजर पिंचबेक टेप आणि चार खुंट्या घेऊन हजर झाले. पिंचबेक नगरपालिकेच्या परवाना खात्यातून निवृत्त झाले होते. निवृत्त फक्त पगारातून, स्वभावातून नाही.

"पाय उचला," ते सिरिलला म्हणाले.

"कुठून?"

"दोनशे अकरामधून. तुम्ही माझ्या मालमत्तेत उभे आहात."

"मिस्टर पिंचबेक, हा गोल आहे."

"गोल मागे आहे. त्यापुढचं माझं आहे. प्रमाणपत्र घरी काचेत लावलंय, हवं तर बघायला या. वेळ ठरवून."

दोनशे अकरा म्हणजे नेमकं ते टक्कल, जे आता टक्कल राहिलं नव्हतं. पिंचबेकनी खुंट्या ठोकल्या, दोरी बांधली, आणि दुपारी घरून रुबार्बच्या सहा कुंड्या आणून त्या कोवळ्या गवतात खड्डे खणले. रुबार्ब म्हणजे आंबट देठांची भाजी, तिची पानं छत्रीएवढी होतात.

"अहो, सत्तावीस वर्षांनी उगवलंय ते!" सिरिल कळवळला.

"म्हणजे जमीन सुपीक आहे," पिंचबेक समाधानाने म्हणाले.

दोरी बघून बाकीच्यांचीही मालकी जागी झाली. शंभर क्रमांकावर आरामखुर्ची आली. तीनशे बारावर बागेत शोभेला ठेवतात ते मातीचे दाढीवाले बुटके बसवले गेले. एकाने आपला चौकोन मधमाश्यांसाठी रानफुलांना दिला, शेजाऱ्याला मधमाश्यांचं वावडं, म्हणून त्याने जाळी लावली. पेनल्टीची खूण दोनशे दहामध्ये होती आणि दोनशे दहा होता एक्क्याऐंशी वर्षांच्या मेव्हिस बूथ आजींचा. त्यांनी तिथे नवऱ्याच्या, स्टॅनलीच्या अस्थी पुरल्या होत्या. वर्गणी भरली त्याच वर्षी, कुणाला न विचारता.

"इथून कुणी लाथ मारायची नाही हं, बाळा," त्यांनी सिरिलला बजावलं. "स्टॅनलीने जन्मभर माझी बोलणी खाल्ली. आता लाथा नकोत."

"पण आजी, पेनल्टी मिळाली तर?"

"आपल्याला कधी मिळालीय?"

सिरिलने सत्तावीस हंगाम आठवून पाहिले. एकही नव्हती.

जूनमध्ये पाण्याचा प्रश्न निघाला. सिरिलने फवारा सुरू केला, तर शहाण्णवच्या मालकाची लेखी तक्रार आली : 'माझ्या चौकोनात माझ्या संमतीविना ओलावा आढळला.' समितीने 'ओलावा धोरण' मंजूर केलं. पाणी घालण्यापूर्वी लाभार्थी मालकाची सही. गवत कापण्यापूर्वी कापण्याच्या उंचीबद्दल सही. एका चौकोनातून दुसऱ्यात जाण्यासाठी दोन्ही मालकांच्या सह्या, आणि हातगाडी असल्यास अधिक एक साक्षीदार. सिरिलने हिशेब केला. मैदान एकदा कापायचं तर सह्या गोळा करायला अकरा आठवडे लागणार होते. संघाने गाडीतळावर सराव सुरू केला, कारण उजव्या बगलेने पळणाऱ्या खेळाडूला वाटेत एकोणीस मालक लागत होते आणि त्यातल्या दोघांचं आपसात बोलणं नव्हतं.

तू राणी, मी राणी, पाणी कोण आणी? सिरिल आणत होता. पहाटे पाचला, झारी घेऊन, चोरासारखा. स्वतःच्याच मैदानात. पण 'स्वतःच्या' हा शब्द आता त्याच्या बाबतीत चुकीचा होता.

जुलै उजाडला आणि पिंचबेकचा रुबार्ब माजला. एक भलंमोठं पान दोरी ओलांडून स्टॅनलीवर सावली धरून उभं राहिलं. मेव्हिस आजींनी त्याचे दोन जाडजूड देठ कापले आणि गोड शिजवून खाल्ले. चार वाटे शेजारीपाजारीही दिले.

"चोरी!" पिंचबेक कडाडले.

"अंगणात आलेलं चोरी कसं होईल, राजा?" आजी म्हणाल्या. "आणि साखर किती लागली! एवढा आंबट माणूस, पीकही तसलंच."

या प्रकरणी तातडीची सर्वसाधारण सभा बोलावली गेली. निरीक्षक यायला तीन आठवडे उरले होते. सिरिल टोपी हातात धरून मागे उभा राहिला आणि अध्यक्षांनी 'इतर विषय' म्हणताच बोलायला लागला.

"मला फार काही नको. खुर्च्या, बुटके, जाळ्या एवढं तीन दिवस हलवा. निरीक्षक येऊन जाऊ दे. नाहीतर क्लब लीगबाहेर जाईल हो! एक सामना या गवतावर बघायचाय मला, मग मी जातो."

सभागृह गलबललं. दोन-चार जणांनी रुमाल काढले.

"भावना पोचल्या," पिंचबेक उठून म्हणाले. "फक्त एक तांत्रिक मुद्दा. आपला चौकोन कोणता?"

"माझा नाही."

"का नाही?"

"वाटप झालं त्या दिवशी मी रेषा मारत होतो."

"मग आपल्याला बोलण्याचा अधिकार पोचत नाही. तरी आपण बोललात आणि आम्ही ऐकलं, ही या क्लबची लोकशाही."

टाळ्या पडल्या. मग सभा मूळ विषयाकडे वळली. अडीच तासांच्या चर्चेअंती, पिंचबेकच्याच मसुद्यानुसार, कलम नऊ-अ मंजूर झालं : 'जमीन कोणाचीही असो, तीवर उगवलेले ज्याने लावले त्याचेच राहील. त्याने मागणी केल्यास ते नेण्यास कोणीही आडकाठी करू नये.' आजी एकट्या विरोधात होत्या.

सिरिल घरी गेला. बायकोने, एनिडने, चहा पुढे ठेवला.

"काय झालं?"

"काही नाही. मी मालक नाही म्हणाले."

"मग बी कुणाच्या पैशाने आलं?"

सिरिलने कप खाली ठेवला. कलमाची प्रत खिशातून काढून पुन्हा वाचली. मग तिसऱ्यांदा वाचली. एनिडने चष्मा पुसून त्याच्या हातात दिला आणि ड्रॉवरमधून पेन काढलं.

वार्षिक सभा पंचवीस जुलैला झाली. विषय चौतीस होते. पहिल्या विषयावर, म्हणजे सभेत बिस्किटं कोणती असावीत यावर, पावणेदोन तास गेले. तिसावा विषय येईपर्यंत समोरचा पब उघडून बराच वेळ झाला होता आणि लोक एका कुल्ल्यावर बसले होते. मिसेस थ्वेट आगगाडीसारख्या वाचत सुटल्या.

"विषय एकतीस. श्री. ऑग्डन यांचा अर्ज. कलम नऊ-अ अन्वये अर्जदाराने स्वतः लावलेले परत नेण्यास परवानगी मिळणेबाबत. विरोध? नाही. मंजूर. विषय बत्तीस."

कुणाला वाटलं, गुलाबाचं झाड असेल. कुणाला वाटलं, निवृत्तीची भेट असेल, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. पिंचबेकनी तर दोन्ही हात वर केले, एक मताचा आणि एक आळसाचा.

शेजारच्या लोअर स्निथ गावाच्या क्लबकडे चौदा सभासद, एक ट्रक आणि गवत मुळासकट सोलून काढायचं एक यंत्र होतं. नियमावली नव्हती, ती कुणी लिहायला बसलंच नव्हतं. सिरिलच्या निरोपावरून दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक, यंत्र आणि चौदाही जण क्लॅगथॉर्पला आले. सिरिलने गवताचा गालिचा सोलायला सुरुवात केली. पट्टा सोलायचा, गुंडाळायचा, ट्रकमध्ये टाकायचा. येणारेजाणारे मालक बघत होते. पण ज्याचा त्याचा चौकोन येईपर्यंत गेलं ते दुसऱ्याचं होतं, आणि दुसऱ्याच्या भानगडीत पडू नये, असं क्लॅगथॉर्पला वळण आहे. स्वतःचा आला की मालक धावत यायचा, सिरिल त्याला ठरावाची प्रत दाखवायचा, खाली सभेच्या हजेरीत त्याचीही सही असायची.

पिंचबेकना त्याने रुबार्बच्या सहाही झुडपांची बादली पावतीसह परत केली. "कलम नऊ-अ," सिरिल म्हणाला. "लावलेलं ज्याचं त्याला."

पिंचबेकनी पावती दोनदा तपासली. चूक सापडली नाही. तसं दुःख त्यांना आयुष्यात झालं नव्हतं.

शेवटी उरला दोनशे दहा. मेव्हिस आजी काठी टेकत उभ्या होत्या.

"हे नाही नेत मी, आजी," सिरिल म्हणाला. "स्टॅनलीवर असू दे."

"गुणाचा रे माझा," आजी म्हणाल्या आणि पदर नसल्यामुळे बाहीने डोळे पुसले.

एकतीस जुलैला निरीक्षक आला. समोर तपकिरी माती, तीवर चारशे अकरा दोऱ्या, खुर्च्या, बुटके, आणि एका गोलपुढे, पेनल्टीच्या खुणेवर, एकच हिरवागार चौकोन.

"मैदान कुठे आहे?" त्याने विचारलं.

"तुम्ही त्यावरच उभे आहात," पिंचबेक म्हणाले. "सही घेतलीत?"

क्लब लीगबाहेर गेला. त्या रात्रीच्या सभेत 'याला कोणीतरी जबाबदार आहे' हा ठराव चारशे अकरा विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. आजी तटस्थ राहिल्या.

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी लोअर स्निथच्या मैदानावर, सिरिलच्या गवतावर, पहिला सामना झाला. नवव्या मिनिटाला त्यांच्या आडदांड बचावपटूने गोलपुढे घसरत चेंडू अडवला आणि हातभर गवत उपटलं. सगळ्यांनी घाबरून सिरिलकडे बघितलं. सिरिल उभा राहून टाळ्या वाजवत होता. गवत कशासाठी असतं, हे सांगायला इतक्या दिवसांनी त्याला कुणाची सही लागली नव्हती.

इकडे क्लॅगथॉर्पच्या वेबसाइटवर बातम्या चालूच आहेत. सामने नसल्यामुळे ऑफ-सीझन आता बारमाही आहे आणि संघ मे महिन्यापासून अपराजित आहे. ही कीर्ती ऐकून परगावचे, परदेशचेही लोक मालक व्हायला धावत आहेत, म्हणून जुन्या चौकोनांचे चार-चार तुकडे करून नवीन सभासद घेणं सुरू आहे. अर्ज सोपा आहे. नाव, पत्ता, आणि शेवटी एक ऐच्छिक रकाना, 'आपण काय काम कराल?' आजवर दोन हजार अर्ज आले. तो रकाना कुणीही भरलेला नाही. तुमचं नावही घालायला क्लबची हरकत नाही. तुम्हीही तो रकाना मोकळा सोडलात तरी चालेल. खाली बारीक अक्षरात अटी आहेत, त्या न वाचता तुम्ही हात वर कराल, हे समितीने गृहीत धरलं आहे.