तातोबा मेस्त्री सळई निवडतात

सांगलीच्या लोखंडबाजारात तातोबा मेस्त्री दिसले की दुकानदार फळ्या लावून घेत. मेस्त्री भांडत नसत, घासाघीस करत नसत. फक्त सळई वाकवून बघत. एक टोक पकडीत, दुसऱ्यावर नळी चढवायची, सळई दुमडायची आणि परत सरळ करायची. वाकल्या जागी बारीकशी चीर दिसली की "ही तापट हाय" म्हणून पुढचं दुकान. मागं उरलेली वाकडी सळई कोण घेणार?

कराडला घर बांधायला काढलं तेव्हा दुर्बुद्धी सुचून मी त्यांनाच गाठलं. बांधकामाचा मला अनुभव शून्य. पण मास्तर असल्यामुळं मत होतं. तेव्हा पीळ दिलेल्या नव्या सळईचा बोलबाला होता. कमी लोखंडात जास्त ताकद, म्हणून मी ती सुचवली.

"ताकद लय हाय, गुरुजी. पर भुई हलली तर घराला वाकाया आलं पायजे. ताठ्यानं मोडणारी माणसं काय थोडी बघितली?"

हे बोलताना त्यांनी माझ्याकडंच का पाहिलं, कोण जाणे.

तीन खेपांनी साधी, गोल, मऊ सळई पसंत पडली. मग खांबांच्या उभ्या सळयांभोवती बांधलेल्या रिंगांची टोकं आत वळवलेली नाहीत म्हणून सगळ्या रिंगा सोडवल्या. आमची ही म्हणाली, "घर होईस्तोवर तुम्ही रिटायर व्हाल." मी तडकलो.

"मेस्त्री, काँक्रीटच्या पोटातलं कुणाला दिसणार?"

"आमच्या मालकिणीला दिसतंय," ते म्हणाले.

कोयनेच्या भूकंपात त्यांचं पाटणकडचं घर बसलं होतं. दोघं वाचली, पण तेव्हापासून त्यांच्या मालकीण हौसाबाई छपराखाली निजत नव्हत्या. पावसातसुद्धा अंगणात ताडपत्री ओढून पडायच्या.

"सात वर्सं समजूत घालतोय. म्हणती, त्ये बी तुमीच बांधलं हुतं न्हवं?"

मला फार वाईट वाटलं. रिंगांविषयी मी पुन्हा बोललो नाही.

वास्तुशांतीला मेस्त्री हौसाबाईंना घेऊन आले. प्रत्येक खांबापाशी उभं करून आत काय काय आहे ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, जेवल्या आणि मधल्या खोलीत चटई टाकून आडव्या झाल्या. थोड्या वेळानं घोरू लागल्या.

मेस्त्री उंबऱ्यात बसले. पाहुण्यांचा आवाज चढला की "हळू रं, माणूस निजलंय" म्हणत. चहा निवून गेला. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

उन्हं उतरल्यावर हौसाबाई उठल्या. एकवार वर स्लॅबकडं बघून म्हणाल्या, "आवं, आपला कवा घालायचा?"