मावशीच्या डाळीतले खडे

आमच्या सेलूत रागावलेल्या माणसानं शेवंतामावशींच्या दारावरून जाऊ नये. गेला, तर त्याला मिरच्या कुटाव्या लागतात.

मी शाळेत मास्तर. एकदा मुख्याध्यापकांशी वाजलं आणि तणतणत घरी निघालो होतो. मावशी ओट्यावरच बसलेल्या. "मास्तर, नाकाचा शेंडा लाल झालाय. या आत." मी काही बोलायच्या आत मुसळ माझ्या हातात! सुरुवातीचे घाव मी सरळ मुख्याध्यापकांवर घातले. मग मिरची नाकात गेली, शिंका सुरू झाल्या, आणि शिंकणाऱ्या माणसाला राग धरून ठेवता येत नाही हे मला त्या दिवशी कळलं. पदरानं नाक झाकून मावशी म्हणाल्या, "अंगात आलेलं हातानं काढावं मास्तर, तोंडानं न्हाई. तोंडानं काढलेलं लोकाला चिकटतंय."

ज्याला जे झालंय, त्याला त्याचं काम ठरलेलं. निकालाची धास्ती घेतलेल्या पोरींना वाती वळायला. शेजारणीच्या नव्या फ्रिजनं जिच्या पोटात दुखतं, तिला लसूण सोलायला. दुःखी माणसाला सूपभर तुरीची डाळ, निवडायला. बांधावरून अबोला धरलेल्या दोघा भावांना तर त्यांनी एका जात्याला समोरासमोर बसवलं. खुंटा एकच, एकमेकांच्या हाताला हात मिळाल्याशिवाय जातं काही नीट फिरेना. हरभरे सांडले, शिव्या सांडल्या. शेवटी धाकटा म्हणाला, "दादा, जरा हळू घे की." कित्येक महिन्यांत तो थोरल्याशी बोलला, ते हे पहिलं.

गल्लीतले चावट लोक म्हणत, म्हातारीनं फुकटचे गडी लावलेत. मीही त्यातलाच. त्यांच्या डाळीत खडे तर इतके, की मी कितीदा म्हणालो, "मावशी, दुकान बदला." त्या नुसत्या हसायच्या. माझ्या सासूबाई वारल्या तेव्हा सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्याच डाळीचं सूप मांडीवर घेऊन अख्खी दुपार काढली. मावशी शेजारी बसून होत्या. त्यांचे मालक नामदेवमामा तेवढे मधूनच चहा आणून ठेवायचे. कुणीही कुटायला, निवडायला बसलं की चहा मामांचा, ही त्या घरची रीतच होती. बोलणं त्यांना फारसं जमायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. मावशी रडल्या नाहीत. बाया काळजीनं कुजबुजायच्या, "बाई रडंना. कसं व्हायचं वं?" लेकी, नणंदा, भाच्या घरभर राबत होत्या आणि मावशींना मात्र कशाला हात लावू देत नव्हत्या. तुमी बसा, तुमी बसा! ज्या बाईनं गावाला कामाला लावलं, तिला सगळ्यांनी मिळून रिकामं बसवलं.

पाहुणे पांगल्यावर एका दुपारी मावशी आमच्या दारात आल्या. चेहरा सुकलेला.

"सुनंदे, काही निवडायला हाय का गं? माझ्या घरात पोरींनी समदं करून ठिवलंय."

आमच्याकडची डाळ पाकिटातली, निवडून आलेली. मी तसं सांगणारच होतो, पण सुनंदानं डोळ्यांनीच दटावलं आणि ती आत गेली. मागोमाग गेलो तर ही परसदारी. कुंडीतले बारके खडे वेचून, धुऊन, पदराला पुसून डाळीत टाकत होती.

"अगं, हे काय करायलीस?"

"हळू बोला," ती म्हणाली. "त्यांच्या डाळीत खडे कुठून यायचे, वाटलं तुम्हाला? आई गेली तेव्हा मी पाहिलंय त्यांना टाकताना."

मावशींनी सूप मांडीवर घेतलं. पहिला खडा उचलला, बोटांत फिरवला आणि सुनंदाकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं.

"लय खडे हायेत गं तुझ्या डाळीत," त्या म्हणाल्या, आणि मग डाळीवर टपटप पाणी पडायला लागलं. सुनंदा त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

मी चहा ठेवायला उठलो.