कोंडवाड्याचा पंखा

वैजनाथच्या डोक्यावरचा पंखा उन्हाळ्याच्या तोंडावरच बसला. बटण दाबलं की नुसता गुरगुरायचा, फिरायचा नाही. शिपाई श्रीमंत झाडूच्या दांड्यानं त्याला ढोसायचा, मग तो रुसलेल्या जावयासारखा दोन-चार फेऱ्या मारून पुन्हा गप्प व्हायचा.

"कंडेन्सर गेलंय, साहेब," श्रीमंतनं निदान केलं. "किरकोळ काम हाय."

किरकोळ काम म्हटल्यावर वैजनाथनं कपाळाला हात लावला. तांबोळगाव नगरपंचायतीत तो भांडार लिपिक होता. खरेदी त्याच्याच टेबलावरून जायची, त्यामुळं त्याला ठाऊक होतं की इथं रस्ता होतो, वेशीवर कमान होते, पण किरकोळ काम काही होत नाही.

आणि पंखा तर फिरायलाच हवा होता. त्याची खोली पत्र्याची, खिडकी मावळतीला. गेल्या मे महिन्यात जन्माचा दाखला मागायला आलेल्या एका बाईसमोर तो भोवळ येऊन पडला, आणि वैजनाथ गेला असं गावभर झालं. भावकीतले दोघे तर घाईघाईनं येऊनही बसले होते. तो उठून चहा प्यायला लागला तेव्हा ते जरा नाराजच दिसले. यंदा तसलं काही होऊ द्यायचं नाही, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

"अवो, मग आपल्या खिशातून आणा की येक!" बायको दीपमाला म्हणाली.

"तुला काय ठाव सरकारचं?" वैजनाथ म्हणाला. मागं एकदा त्यानं अंधार सहन न होऊन पदरचा बल्ब लावला होता. ऑडिटवाल्यांनी वर बघितलं आणि विचारलं, हा बल्ब नोंदीत नाही, मग आला कुठून? त्या बल्बाचा खुलासा देता देता वैजनाथचे केस पिकले. कमी पडलेली वस्तू एकवेळ खपते, जास्तीची भरलेली खपत नाही, एवढं शहाणपण त्याला त्यातून आलं.

तो लेखापाल गुरुपादप्पांकडं गेला. अप्पा बजेटची किल्ली कमरेला लावून फिरणारे गृहस्थ; कुठल्या हेडाखाली किती तरतूद उरली ते त्यांनाच ठाऊक.

"कार्यालय दुरुस्तीचं हेड तर दिवाळीआधीच संपलं," अप्पा म्हणाले. "सभागृहाला रंग दिला न्हाई का?"

"मग कुठल्या हेडात हायेत पैसे?"

अप्पांनी चष्मा कपाळावर नेला. "कोंडवाडा. कैक सालांपासून कुणी हात लावला न्हाई. मार्चअखेर खर्च न्हाई झाला तर पुढच्या साली तरतूदच कापून टाकतील."

कोंडवाडा, म्हणजे मोकाट जनावरं कोंडायची जागा, बाजाराच्या मागं होता. चार भिंती आणि एक फाटक. आत जनावर कधी गेलंच नव्हतं, कारण जनावर धरलं की धरणाऱ्याचीच निवडणूक धोक्यात यायची.

वैजनाथच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "अप्पा, कोंडवाड्याला पंखा घेऊ. जनावरांची सोय म्हणून. मग त्याच्यातलं कंडेन्सर काढून मी माझ्या पंख्याला लावतो. तिकडं जनावरच न्हाई, तर तक्रार कोन करून राहिलंय?"

"हाव की!" अप्पा खूष झाले. "पर कोंडवाड्याला छत कुठंय? पंखा लटकवणार कशाला?"

मग आधी छत आलं. छतासाठी पत्रे आले, पत्र्यांसाठी खांब आले. पंखा विजेवर चालतो हे अप्पांच्या नंतर लक्षात आलं, म्हणून पाणीपुरवठ्याच्या लाइनीवरून वीज घेतली. गावातला एकमेव इलेक्ट्रिकवाला शिवप्रसाद. नियमाप्रमाणं तीन दरपत्रकं लागतात, तर त्यानं एक स्वतःचं दिलं, एक लोह्याच्या मेव्हण्याचं आणि एक जळकोटच्या साडूचं. तिन्ही त्याच्याच गल्ल्यात असायची. सगळ्यात कमी दर त्याचाच निघाला, आणि दरवेळेप्रमाणं त्यानं तोंडावर आश्चर्य आणलं.

एका कंडेन्सरपायी कोंडवाड्याचं हेड मार्चअखेर पार झाडून-पुसून साफ झालं. पंखाही साधा नव्हता. जनावरांचा म्हणून शिवप्रसादनं कारखान्यातला असतो तसला दांडगा पंखा दिला होता.

एप्रिलच्या पहिल्या तारखेला भर दुपारी वैजनाथ स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कोंडवाड्यात गेला. आसपास चिटपाखरू नव्हतं. तो स्टुलावर चढला, पंख्याचं टोपण खाली सरकवलं, आणि तेवढ्यात फाटक वाजलं. दारात नव्या कामाच्या पाहणीला आलेल्या मुख्याधिकारी राजकन्या मॅडम उभ्या होत्या. शेजारी मोबाइल रोखून श्रीमंत.

"वैजनाथ! तुम्ही स्वतः बसवताय पंखा?" मॅडम भारावून दोन पावलं पुढं आल्या. त्या लातूरहून नव्यानंच बदलून आल्या होत्या आणि अजून त्यांचा माणसांवर विश्वास होता. "एवढ्या उन्हात? मुक्या जनावरांसाठी?"

वैजनाथला खरं सांगता येईना आणि खाली उतरताही येईना. "सेवा हाय, मॅडम," तो म्हणाला, आणि सरकवलेलं टोपण त्यानं मुकाट्यानं जागेवर बसवलं.

फोटो त्याच संध्याकाळी जिल्ह्याला गेला. दुसऱ्या दिवशी फोन आला, जिल्ह्याचे साहेब आदर्श कोंडवाडा बघायला येणार. कोंडवाडा होता, पंखा होता. फक्त जनावर नव्हतं.

"येक तरी धरून आन," अप्पांनी श्रीमंतला पिटाळलं. श्रीमंतनं जे पहिलं दिसलं ते हाकलून आणलं. काळीभोर, तुकतुकीत म्हैस, गरीब स्वभावाची. ती पंख्याखाली जाऊन बसली. साहेब आले, म्हैस रवंथ करत होती, साहेबांनी मान डोलवली आणि गेले.

त्यांच्या गाडीची धूळ बसते न बसते तोच नगराध्यक्षा अयोध्याबाई पदर खोचून आल्या. "कोन हाय रे माझ्या चंद्रीला कोंडणारा? समोर ये!"

वैजनाथ खांबाआड सरकला. नगराध्यक्षांचीच म्हैस धरली म्हणजे बदली देगलूरच्या पलीकडंच. पण अयोध्याबाई फाटकातच थबकल्या. चंद्री डोळे मिटून वाऱ्याला बसली होती. बाईंनी दोर धरून ओढला, चुचकारलं, दरडावलं. चंद्री हलेना.

"अगं बाई," अयोध्याबाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "लई सुखात हाय की. घरी दुपारभर लाइट ऱ्हात न्हाई. हितं जातच न्हाई व्हय?"

"पाणीपुरवठ्याची लाइन हाय, आक्का," वैजनाथ कसाबसा म्हणाला.

"मग असू द्या. सांजच्याला नेते. काय दंड बसल तो भरते मी."

ही बातमी बाजारभर झाली. दुसऱ्या दिवशी सकाळीच कोंडवाड्यापुढं गर्दी. जो तो आपलं जनावर पुढं करून म्हणू लागला, "साहेब, आमची गाय बी लई मोकाट हाय. धरा की!" नगरपंचायतीच्या इतिहासात दंड भरायला लोकांनी रांग लावलेली कुणी पाहिली नव्हती. मॅडमच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"इथं पावत्या फाडायला कायम माणूस हवा," त्या म्हणाल्या. "आणि ज्यानं स्वतःच्या हातानं पंखा बसवला, त्याच्याशिवाय दुसरा कोण?"

वैजनाथचं टेबल दुपारच्या आत कोंडवाड्यात आलं. कोपऱ्यात ठेवलं, कारण पंख्याखालची जागा चंद्रीची होती, आणि नगराध्यक्षांच्या म्हशीला ऊठ म्हणायची छाती कुणाची? वारा सगळा तिकडं, शेणाचा वास तेवढा इकडं. भोवळ कधी येते याची वाट बघत वैजनाथ पावत्या फाडू लागला.

आठवडाभरानं श्रीमंत डबा घेऊन आला. "साहेब, नवीन साल लागलं ना, दुरुस्तीच्या हेडात पैसे आले. तुमच्या खोलीतल्या पंख्याला काल कंडेन्सर बसलं. काय भन्नाट फिरून राहिलाय!"

"मग? कोन बसतंय तिथं?"

"अप्पांनी आपलं टेबल नेलंय. पर त्यायला वारा सोसंना म्हणत्यात. सकाळपासून शिंकाच शिंका."

वैजनाथनं डबा न उघडताच बाजूला सारला. एवढा राग त्याला बल्बाच्या वेळीही आला नव्हता. मग तो उठला, खुर्ची उचलली आणि घामेजलेल्या अंगानं थेट चंद्रीपाशी नेऊन ठेवली. बदली करायची तर करा म्हणावं. तो बसला.

चंद्रीनं एक डोळा उघडून त्याच्याकडं बघितलं, एक सुस्कारा सोडला, आणि जराशी पलीकडं सरकली.