कसबा पेठेच्या वाचक मंडळावर पोलादी विंचवाची स्वारी

श्रीअक्षरदेवता समर्थ. आज्ञा जाहली की, बद्रीनाथपंतांनी साठी उलटल्यावर कॉमिके वाचिली आणि त्याजवरून कसबा पेठेत जो संग्राम माजला, त्याचा मजकूर साद्यंत लिहावा. त्याजवरून जैसे दिसले तैसे लिहिले आहे. जेथे दिसले नाही, तेथे जैसे घडावयास हवे होते तैसे लिहिले आहे.

बद्रीनाथपंत मूळचे वऱ्हाडप्रांतीचे, खडकीच्या कारखान्यात तीस वर्षे चाकरी करून निवृत्त जाहलेले, आणि बावीस वर्षे वाचक मंडळाचे सभासद. मंडळाची रीत ऐसी की, दर रविवारी सतरंजीवर गोल बसावे आणि प्रत्येकाने आपण कोणता ग्रंथ वाचीत आहो ते सांगावे. ग्रंथ जितका जाड तितका मान अधिक. पंतांस हा दरबार प्राणप्रिय, कारण "या, पंत" म्हणोन सरकून जागा देणारे दुसरे ठिकाण त्यांस या शहरात नव्हते.

मंडळाचे अध्यक्ष, ग्रंथकेसरी, चष्माबहाद्दर, राजश्री अवधूतराव यांस संशय आला की सभासद न वाचताच थापा मारितात. मग त्यांनी फर्मान काढिले की, अवघ्यांनी यापुढे 'वाचनदर्पण' नामे ॲपवरच वाचावे, म्हणजे कोण काय वाचतो ते सर्वांस दिसेल आणि लबाडी बंद होईल.

इकडे पंतांची कन्या उत्कर्षा, हिंजवडीच्या कंपनीतील उमदी शिलेदार, इने बापास टॅबलेट नजर केला आणि त्याच ॲपात कॉमिकांचे भांडार उघडून दिले. पंतांची बाळपणीची कॉमिके मातोश्रींनी बंबात घातली होती. ते पन्नास वर्षांचे उपाशी. मग ते जे सुटले, ते बोटांनी चित्रे मोठी करावी, खलनायकाचे मिशीचा केस न् केस पाहावा, आणि "ढिशांव" मोठ्याने वाचावे. पत्नी मुक्ताई यांनी स्वयंपाकघरातून पुसिले की, अहो, मारामारी आटपली असेल तर गॅस बंद कराल का.

सोमवारी अवघ्या मंडळाचे मोबाइलवर वर्दी गेली की, बद्रीनाथ सध्या वाचत आहेत: 'पोलादी विंचवाचा सूड', भाग एकेचाळीस. लागलीच अवधूतरावांचा खलिता ग्रुपवर आला की, टॅबलेट नातवाच्या हाती दिला असल्यास तसे कळवावे, नसल्यास रविवारी समक्ष खुलासा करावा. पळवाट उत्तम होती, परंतु नातू नव्हता. कन्येचे लग्नच व्हावयाचे होते.

कन्येने सल्ला दिधला, "बाबा, लिस्टमध्ये बाकीच्यांच्या नावावर टॅप करा ना. किती टक्के वाचलं तेही दिसतं." पंतांनी टॅप केले, आणि मग एकामागून एक अवघ्या सभासदांची नावे टॅप केली.

रविवारी सभा भरली. पंत आले, परंतु कोणी सरकले नाही. अवधूतरावांनी तहाचे बोलणे लाविले की, यास चित्रकादंबरी म्हणावे, त्यातील समाजभान सांगावे, म्हणजे मंडळाची अब्रू राहील आणि आपली जागाही.

पंतांनी उत्तर केले, "त्यात समाजभान नाही हो. विंचू आहे. तो नांगी मारतो, मला मजा येते."

"मग आपण दुसरीकडे बसावं हे उत्तम."

मग पंतांनी टॅबलेट उपसला आणि सतरंजीचे मधोमध ठेविला. जो अठराशे पानी ग्रंथ अवधूतरावांनी तीन रविवार उलगडून सांगितला, तो दोन टक्के, प्रस्तावनेतच अडकलेला. कार्यवाह ललिताबाई नऊ टक्के. समाधानराव शून्य, म्हणजे मुखपृष्ठाचे दर्शन. आणि पंतांचे एकेचाळीस भाग, दर भाग शंभर टक्के.

अवधूतराव वदले की, ॲपच सदोष आहे.

ललिताबाई म्हणाल्या, "असेल. आपणच निवडलंत."

तेणेकरून फौजेची दाणादाण जाहली आणि दोन ठराव तत्काळ मंजूर जाहले. पहिला, ॲप सर्वांनी इथे बसल्या बसल्या काढून टाकावे. दुसरा, बद्रीनाथपंतांनी कॉमिके सुखेनैव वाचावी. ललिताबाईंनी सवयीने 'चित्रकादंबरी' लिहिले, ते पंतांनी खोडावयास लाविले आणि वर 'कॉमिक' घालून घेतले. मग समाधानराव सरकले.

पुढे अध्यक्षांनी रीतीप्रमाणे पुकारा केला की, कोण काय वाचीत आहे ते सांगावे. कोणी तोंड उघडीना. शेवटी पंतांसच विनंती जाहली की, विंचवाचे पुढे काय जाहले ते सांगावे, आणि पंत दीड तास सांगत राहिले. येणेप्रमाणे फत्ते जाहली. मंडळाच्या इतिवृत्तात नोंद ऐसी की, आज प्रथमच वाचलेल्या पुस्तकावर चर्चा झाली.