पास झालेलं पेट्रोल

निवृत्तीला सहा दिवस उरले होते आणि नरहर पांढरीपांडे यांच्या स्वप्नात रोज तलाव येत होता.

त्यांच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये एक रिवाज होता. निवृत्त होणाऱ्याला शाल-श्रीफळ द्यायचं, हार घालायचा आणि जोडीने क्लबच्या मोटारबोटीत बसवून टाउनशिपच्या तलावाला एक फेरी मारून आणायचं. रिवाज कोणी सुरू केला हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण त्याला पोहता येत असणार एवढं नक्की. नरहररावांना येत नव्हतं. भोपाळसारख्या तलावांच्या गावात त्यांनी एकतीस वर्षं काढली, ती काठापासून दहा पावलं लांब राहून. प्रमिलाबाईंनी मात्र इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बायका बोटीत बसताना पाहिल्या होत्या. आपल्या फेरीसाठी त्यांनी मोरपंखी साडी आणली होती आणि तिला पिको-फॉलही करून झाला होता. आता माघार घेणं शक्य नव्हतं.

त्यात गेल्या महिन्यात यशवंत बक्षींची बोट ऐन मध्यावर बंद पडली. नवरा-बायको हार घालून दोन तास पाण्यात बसून होते. शेवटी श्रीफळ फोडून खाल्लं म्हणे.

नरहरराव तडक बोट चालवणाऱ्या रफीकभाईंकडे गेले.

"इंजन का कसूर नहीं है, साब," रफीकभाई म्हणाले. "आजकल पेट्रोल में एथेनॉल मिला आता है. गाड़ी तो रोज चलती है, पी जाती है. बोट महीना भर खड़ी रहती है ना, तो एथेनॉल हवा का पानी खींचता है. पानी नीचे बैठ जाता है, और इंजन सबसे पहले वही पीता है."

"मतलब बोट पाण्यावर चालत होती?"

"नहीं साब. पानी पर रुक गई थी."

त्या क्षणी नरहररावांच्या डोक्यात प्रकाश पडला. एकतीस वर्षं ते कारखान्याच्या गुणवत्ता तपासणीत होते. पाण्यापुढे त्यांचं काही चालत नव्हतं. पेट्रोल मात्र तपासता येत होतं.

दुसऱ्या दिवसापासून ते क्लबचं पत्र आणि कॅन घेऊन स्कूटरवरून पंप पालथे घालू लागले. अशोका गार्डनच्या पंपावरच्या माणसाने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "अंकल, आग कहाँ लगानी है?" मिसरोदला तर मॅनेजरच बाहेर आला. नरहररावांनी पत्र दाखवलं. मॅनेजरने ते दोनदा वाचलं आणि त्याचा संशय आणखी वाढला.

घरी बाल्कनीत काचेची नळकांडी मांडली गेली. तळाशी खुणेपर्यंत पाणी, वर पेट्रोल, बूच लावून हलवायचं आणि वाट पाहायची. पेट्रोलमधलं एथेनॉल खाली पाण्यात उतरतं, त्यामुळे पाण्याची रेघ वर चढते. प्रत्येक नळकांड्यात ती चढत होती आणि नरहररावांना आपणच बुडतोय असं वाटत होतं.

"हे काय चाललंय?" प्रमिलाबाईंनी नाकाला पदर लावला.

"गॅस बंद कर! देवापुढचा दिवा पण!"

"तीन दिवस झाले डब्यातला चिवडा खातोय आपण. तुम्हाला बुडायची भीती वाटते म्हणून मी जळून मरू का?"

"भीती कुणाला वाटते?" नरहरराव म्हणाले आणि जिन्यात कुणीतरी बादली ओतली तशी दचकून उभे राहिले.

चौथ्या दिवशी कुणीतरी सांगितलं, की होशंगाबाद रोडवर एका पंपावर महागातलं, बिनएथेनॉलचं पेट्रोल मिळतं. नरहररावांनी नुसत्या सांगण्यावर विश्वास ठेवला नाही. पाच लिटर आणलं, तपासलं. रेघ जागची हलली नाही. पुन्हा तपासलं. नाहीच हलली. नरहररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी कॅनला हिरवी चिठ्ठी बांधली, 'पास' असा शिक्का मारून सही केली आणि कॅन आपल्या हाताखालच्या कांचन तारे यांच्या स्वाधीन केला.

"काय करायचं ते माहीत आहे ना?"

"हो सर. तुम्हीच तर शिकवलंय," कांचन म्हणाली.

निरोपाच्या दिवशी सगळी टाउनशिप धक्क्यावर जमली. नरहररावांनी लाइफ जॅकेट घातलं, त्यावर शाल, त्यावर हार. एवढं घातल्यावर त्यांना मान वळवता येईना. कांचनने हात देऊन प्रमिलाबाईंना बोटीत उतरवलं, त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि हसली. प्रमिलाबाई हसल्या नाहीत.

इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. मध्यावर पोचेपर्यंत नरहररावांनी डोळे मिटले होते. मग एक उघडला. मग दुसरा. बोट झोकात चालली होती. प्रमिलाबाईंनी त्यांचा हात असा घट्ट धरला होता, की बांगड्या मनगटात रुतत होत्या. लग्नाच्या इतक्या वर्षांनी हे प्रेम! नरहररावांची छाती जॅकेटमध्ये मावेना.

"रफीकभाई, और एक राउंड!"

"अहो, पुरे," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"अगं, घाबरतेस काय?"

दुसऱ्या फेरीत इंजिन खोकलं. "घसा साफ करतंय," नरहरराव हसून म्हणाले. प्रमिलाबाईंचे ओठ हलत होते. त्या रामरक्षा म्हणत होत्या.

धक्क्याला लागताच नरहरराव एकटेच उडी मारून उतरले. "तिसरी पण मारू!" त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं. तेवढ्यात कांचन पुढे आली. तिच्या हातात लाखेचं सील लावलेला कॅन होता, वर रिबीन.

"सर, तुमच्या हातचा शेवटचा पास नमुना. पास नमुना सील करून जपायचा, हा तुमचाच नियम. हात नाही लावू दिला कुणाला."

नरहररावांनी हिरवी चिठ्ठी ओळखली. सही ओळखली. कॅन पुरता भरलेला होता.

"मग... बोटीत?"

"वही पिछले महीने वाला, साब," रफीकभाई आनंदाने म्हणाले. "कपड़े से छान लिया था."

कोरड्या जमिनीवर, लाइफ जॅकेट घालून, नरहरराव मटकन खाली बसले. कुणीतरी पाणी आणलं. ते पाहून त्यांनी डोळे मिटून घेतले.

प्रमिलाबाई सावकाश उतरून त्यांच्याशेजारी येऊन टेकल्या. "मला माहीत होतं," त्या हळूच म्हणाल्या. "एक पाय बोटीत टाकला तेव्हाच कांचनने सांगितलं, की तुमचा कॅन सील करून ठेवलाय. म्हणाली, सरांना बोलू नका, सरप्राइज आहे."

"आणि तू गप्प बसलीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही सगळ्या टाउनशिपसमोर बोटीतून उडी टाकली असती. एकतीस वर्षं थांबले होते मी." त्यांनी मोरपंखी पदराने कपाळ पुसलं. "एक फेरी जीव मुठीत धरून केली असती हो. दुसरी कुणी सांगितली होती?"

नरहररावांनी आपलं मनगट पाहिलं. बांगड्यांचे वळ लाल झाले होते. त्यांनी तोच हात पुढे केला आणि दोघं एकमेकांना धरून उठली.

"साब, तीसरा राउंड?" रफीकभाईंनी इंजिनची दोरी ओढायला घेतली.

"नको!" नवरा-बायको एका आवाजात ओरडली आणि तलावापासून दहा पावलं अंतर ठेवून, पाच लिटर पास पेट्रोल मध्ये धरून, चालत घराकडे निघाली.